‘राज्यकारभारात मात्र’

रोमच्या कॅपिटोलिन संग्रहालयात एक संगमरवरी स्मारकशिळा आहे. तिच्या दर्शनी बाजूवर वेट्टियस अगोरियस प्रेटेक्स्टाटसची पदं कोरलेली आहेत. यादीची सुरुवात देवकार्यापासून होते: शकुन पाहणारा, वेस्टादेवीचा पुरोहित, सूर्याचा पुरोहित, एलेउसिसची दीक्षा घेतलेला, मिथ्रपंथातला ‘पित्यांचा पिता’. ती ओळ संपल्यावर ‘राज्यकारभारात मात्र’ असे शब्द येतात आणि त्यानंतर प्रांताधिकारी, नगरप्रमुख, नियोजित कॉन्सल. दरबारातली सगळी थोरवी त्या ‘मात्र’नंतरची.

काळ चौथ्या शतकाचा. सम्राट ख्रिस्ती झाले होते आणि जुन्या देवांच्या पूजेवर एकेक बंधन येत होतं. ३६४ साली सम्राट व्हॅलेंटिनियन रात्रीचे यज्ञ बंद करायला निघाल्यावर ग्रीसचा कारभार पाहणाऱ्या प्रेटेक्स्टाटसने त्याला सांगितलं, या विधींवाचून ग्रीकांना जगणंच अशक्य होईल. सम्राटाने ऐकलं. तिथले विधी चालू राहिले.

पुढे ३६७-६८ मध्ये तो रोमचा नगरप्रमुख झाला. मंदिरांच्या भिंतींना चिकटवलेली खासगी बांधकामं त्याने पाडली, रस्त्यावर आलेले सज्जे उतरवले. व्यापारी मनमानी वजनं वापरून गिऱ्हाइकाला नाडत, म्हणून शहराच्या प्रत्येक विभागात प्रमाण वजनं ठेवली.

आणि बिशपच्या गादीचा तंटा! ३६६ साली डमासस आणि उर्सिनस यांच्या अनुयायांत इतकी मारामारी झाली होती, की एका चर्चमध्ये एका दिवसात १३७ प्रेतं सापडली. प्रेटेक्स्टाटसने उर्सिनसला शहराबाहेर काढलं आणि रोम शांत झालं. परक्या धर्मातलं भांडणही त्याने आपल्या शहराचं दुखणं मानलं. त्याच्या चरित्रातली ही सर्वांत मोलाची गोष्ट.

शिळेच्या मागच्या बाजूला पत्नी पॉलिनाच्या तोंडची कविता आहे. चाळीस वर्षांचा संसार होता दोघांचा. ती सांगते, त्याने ग्रीक-लॅटिन ग्रंथांचे पाठ शुद्ध केले, पण त्या विद्वत्तेपेक्षा त्याला दीक्षा मोठी वाटे. आणि प्रत्येक गूढ विधीत त्याने तिला बरोबर घेतलं. पतीच्या थोरवीचं वर्णन करताकरता ती स्वतःच्या दीक्षाही मोजते. त्या वेळच्या रोममध्ये बाईचा एवढा स्पष्ट धर्मानुभव क्वचितच ऐकू येतो.

३८४ साली, कॉन्सलपद हाती येण्याआधीच, तो गेला. लोकांनी नाट्यगृहातली करमणूक नाकारली. ख्रिस्ती पंडित जेरोमने मात्र पत्रात लिहिलं, की पत्नी समजते तसा तो आकाशातल्या महालात नाही, उघडा, अंधारात पडला आहे. धर्माच्या वादात जेरोम कितीही पटो, एका विधवेच्या ताज्या दुःखाला दिलेलं हे उत्तर निष्ठुर आहे.

रोमन फोरमच्या कडेला, कॅपिटोल टेकडीच्या पायथ्याशी, बारा देवांची ओसरी आहे. ३६७ च्या सुमारास प्रेटेक्स्टाटसने ती दुरुस्त केली होती. १८५८ मध्ये तिचे पडलेले खांब पुन्हा उभे केले गेले. त्यांच्यावरच्या शिलालेखात त्याचं नाव आहे.