तीच स्थिती, तिसऱ्यांदा

बुद्धिबळात पुनरावृत्तीची बरोबरी मोजली जाते ती खेळ्यांवरून नव्हे, स्थितीवरून. एकच स्थिती तिसऱ्यांदा आली की ज्याची खेळायची पाळी आहे, त्याला बरोबरी मागता येते. या तीन वेळा लागोपाठ असाव्या लागत नाहीत. मधे वजीर पटभर फिरून आला तरी हरकत नाही.

‘एकच’ स्थिती ठरायला सोंगट्या त्याच घरांत हव्यात आणि पाळीही त्याच रंगाची हवी, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. निसटते ते पुढचे: त्या क्षणी उपलब्ध असलेले सगळे हक्कही तेच हवेत. किल्लेकोट करण्याचा हक्क किंवा दोन घरे पुढे आलेले प्यादे वाटेतच मारण्याचा हक्क मधल्या काळात गेला असेल, तर डोळ्यांना तोच दिसणारा पट नियमाला वेगळा असतो.

मार्च 2021 मधला मॅग्नस कार्लसन आणि हिकारू नाकामुरा यांचा ऑनलाइन डाव यासाठी पटावर मांडून पाहावा. दोघांचीही बाद फेरी आधीच पक्की होती. पहिल्या खेळीत दोघांनी राजासमोरचे प्यादे दोन घरे ढकलले. दुसऱ्या खेळीत दोन्ही राजे एकेक घर पुढे आले, तिसऱ्या खेळीत परत गेले, आणि हेच पुन्हा सुरू झाले. पाचव्या खेळीअखेर राजे घरी होते. तसा पट पहिल्या आणि तिसऱ्या खेळीअखेरही दिसला होता, म्हणजे डोळ्यांच्या हिशेबाने ही तिसरी वेळ. पण पहिल्या वेळी दोघांनाही किल्लेकोटाचा हक्क होता. राजा हलताच तो कायमचा गेला. म्हणून ती वेळ मोजायची नाही. बरोबरी झाली ती सहाव्या खेळीअखेर, कारण दोन्ही राजे पुढे आलेली स्थिती दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या खेळीनंतर जशीच्या तशी आली. नियमातला सगळा बारकावा या सहा खेळ्यांत आहे.

समोरासमोरच्या स्पर्धेत हा हिशेब खेळाडूने स्वतः ठेवायचा असतो. आपल्या पुढच्या खेळीने तिसरी वेळ येणार असेल, तर ती पटावर न खेळता कागदावर लिहायची, घड्याळ थांबवायचे आणि पंचांना सांगायचे. दावा चुकला तर प्रतिस्पर्ध्याला 2 मिनिटे वाढवून मिळतात. पाचव्यांदा तीच स्थिती आली तर मात्र कोणी न मागताही डाव बरोबरीत सुटतो. ही तरतूद 2014 पासूनची.

ऑनलाइन डावात हे मोजमाप संगणक करतो. 1970 मध्ये अल्बर्ट झोब्रिस्ट यांनी सुचवलेली पद्धत त्यासाठी फार वापरली जाते. बारा प्रकारच्या सोंगट्या आणि 64 घरे यांच्या प्रत्येक जोडीला एक यादृच्छिक आकडा दिलेला असतो; पाळी आणि हक्क यांनाही आकडे असतात. त्यांच्या मिश्रणातून स्थितीचा एक आकडा तयार होतो आणि तो आधीच्या आकड्यांशी ताडला जातो. शोध शेवटच्या प्याद्याच्या खेळीपर्यंत किंवा शेवटच्या मारापर्यंतच मागे न्यावा लागतो. प्यादे मागे येत नाही, मेलेली सोंगटी परतत नाही. त्यापूर्वीची स्थिती पुन्हा येणेच शक्य नसते.

मोजल्यावर काय करायचे, यात मात्र फरक आहे. चेस डॉट कॉमवर तिसऱ्या वेळी डाव आपोआप संपतो. लिचेसवर तिसऱ्या वेळी दावा करण्याची मुभा मिळते आणि आपोआप बरोबरी पाचव्या वेळी होते. दावा आपोआप व्हावा की नाही, हे खेळाडू सेटिंगमध्ये ठरवू शकतो. यातली दुसरी रीत खेळाच्या स्वभावाला धरून आहे. बरोबरी मागणे हा हक्क आहे, आणि तो न वापरणे हाही खेळाडूचा निर्णय असतो. प्रत्येक खेळीला काही सेकंद वाढवून मिळणाऱ्या डावात वरचढ खेळाडू वेळ साठवण्यासाठी स्थिती एकदा मुद्दाम परत आणतो. ती जुनी आणि रास्त युक्ती आहे. आपोआप संपणाऱ्या डावात दुसऱ्या वेळेनंतर वाट बदलली नाही, तर जिंकत आलेल्या डावाचा अर्धा गुण जातो. म्हणून नव्या संकेतस्थळावर पहिला डाव लावण्याआधी तिथला पुनरावृत्तीचा नियम वाचून घ्यावा.