गंजीत घातलेला हात

आबांचा हात जाड होता, गंजीत कोपराच्या पुढे जायचा नाही. माझा बारीक, म्हणून ते मला हाक मारायचे. "पोरी, घाल हात. पार खांद्यापर्यंत जाऊ दे."

मी तेव्हा चौथीत असेन. दसरा होऊन चार-पाच दिवस झाले होते आणि गोठ्यामागे बाजरीच्या सरमाडाची नवी गंजी उभी राहिली होती. पाती गालाला कापत होत्या. बोटांना आधी गार लागलं, मग कोमट, आणि मग विझल्या चुलीच्या राखेत हात गेल्यासारखं झालं. मी झटक्यात हात बाहेर ओढला. आबांनी काही विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं, गड्याला हाक मारली आणि भर दुपारी गंजी उसकटायला घेतली. मधल्या पेंड्या तंबाखूसारख्या तपकिरी झाल्या होत्या. त्यांतून वाफ निघत होती आणि तिला गुऱ्हाळावर येतो तसा गोडसर, करपट वास होता. कडेच्या पेंड्यांवर पांढरी बुरशी धरली होती. आबांनी एकेक पेंडी सोडून उन्हात पसरली. संध्याकाळी पुन्हा ढग आले तेव्हा ते ओसरीवर नुसते बसून राहिले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

आमचं गाव माढ्याकडचं, सीनेच्या अंगाला. इकडे मृगाचा पाऊस हजेरी लावून जातो, आषाढात नुसता वारा सुटतो, आणि खरा पाऊस येतो तो उत्तरा आणि हस्तात. सप्टेंबर हा आमच्याकडचा सर्वांत पावसाचा महिना. आम्ही पोरी पाटावर हत्ती काढून हादगा खेळायचो तो याच हस्तासाठी. खेळताना आम्हांला वाटायचं, सगळ्या गावाला हा पाऊस हवाच असतो. आमच्या घरात मात्र तो एकाच वेळी हवाही होता आणि नकोही. खालच्या काळ्या रानात शाळू पेरायचा, त्याला जमिनीत मुरलेली ओल हवी. कारण शाळू पुढे थंडीवर आणि त्या ओलीवरच वाढतो. वरच्या मुरमाड तुकड्यात बाजरी काढणीला आलेली, तिला कोरडं ऊन हवं. दोन्ही रानांच्या मध्ये एक बांध आणि एक लिंबाचं झाड. पाऊस काही बांध बघून पडत नाही.

झड लागली की उभ्या कणसांत दाणे फुगत आणि त्यांना हिरवट कोंब फुटत. त्या बाजरीचं पीठ आईला लगेच कळायचं. पिठाची विरी गेलेली असायची, भाकरी थापताना कडेनं चिरायची, तव्याला चिकटायची. आई बोलायची नाही, पण परातीवर हात जोरात आपटायचा. दाण्याचं नुकसान असं घरात रोज ताटात दिसायचं. सरमाडाचं नुकसान ताटात दिसत नाही. ते पौषात दिसतं, गव्हाणीत तोंड घालून पुन्हा बाहेर काढणाऱ्या बैलाकडे पाहून. शिमग्याच्या आगेमागे शाळूचा कडबा घरात येईपर्यंत दावणीची सगळी भिस्त त्या सरमाडावर, आणि ते आबांच्या एकट्याच्या मनात असायचं.

म्हणूनच गंजी रचणं त्यांनी कधी कोणावर सोपवलं नाही. खाली दगड, त्यावर तुराट्यांचा थर, म्हणजे ओल आणि वाळवी वर चढत नाही. पेंड्यांची बुडं बाहेर, शेंडे आत. वरून छपरासारखा उतार. पेंड्या मोजायच्या त्या पाचुंद्यांत, आणि आकडा मोठ्यानं म्हणायचा नाही, का ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण इतकं करूनही पेंडीच ओली आत गेली तर बाहेरच्या उताराचा काय उपयोग? पाऊस उघडल्यावर त्यांचा सगळा जीव एकाच प्रश्नावर टांगलेला असायचा: आज रचू की अजून दोन उन्हं देऊ? दोन उन्हं द्यावीत तर पुन्हा पाऊस गाठतो. आज रचावी तर आतून तापते.

पुढे मी वनस्पतिशास्त्र शिकले आणि पुण्यात तेच शिकवलं. कापलेलं गवत कापल्या क्षणी मरत नाही, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते. पात्यातल्या पेशी ओल आहे तोवर श्वास घेत राहतात आणि स्वतःचीच साखर जाळतात. पसरलेल्या गवतावर पाऊस पडला की उरलेली साखर आणि क्षार धुऊन जातात; काडी तेवढीच दिसते, तिच्यातलं अन्न गेलेलं असतं. ओलीच रचली तर बुरशी आणि जिवाणू कामाला लागतात. त्यांच्या श्वासाची ऊब गंजीच्या पोटात कोंडते, पन्नास-साठ अंशांपर्यंत चढते. त्याही पुढे गेली तर रासायनिक क्रिया सुरू होऊन कोणी काडी न लावता गंजी पेट घेऊ शकते. वाळलेल्या वैरणीत ओल पंधरा टक्क्यांच्या आसपास आली म्हणजे ती रचायला निर्धास्त. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहायचे. आबा पेंडी कानाजवळ धरून पिळायचे आणि नुसत्या आवाजावरून ठरवायचे, हे मात्र कुठल्याच वर्षी मुलांना सांगितलं नाही. आता वाटतं, सांगायला हवं होतं.

अभ्यासातच आणखी एक गोष्ट उलगडली. आबांच्या तोंडी एक तक्रार कायम असायची, की पूर्वीची खरिपाची ज्वारी काळी पडत नव्हती. मला ते म्हाताऱ्या माणसाचं बोलणं वाटायचं. पण ते खरं होतं. जुनी वाणं दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय निसवतच नसत. जूनमध्ये पेरा की जुलैमध्ये, कणीस बाहेर पडायचं ते पाऊस मागे सरताना आणि दाणा भरायचा तो कोरड्या हवेत. १९६४ मध्ये सी.एस.एच.-१ हा संकरित वाण आला. त्यामागून आलेल्या लवकर पिकणाऱ्या वाणांनी उतारा भरपूर दिला, पण त्यांचा दाणा ऐन सप्टेंबरच्या पावसात सापडू लागला. बुरशीनं काळा पडला, बाजारात पडेल भावानं गेला. त्यांची ताटंही ठेंगणी, म्हणजे वैरण कमी. संकरित बियाण्याला मी दोष देत नाही. त्या वर्षांत देशाला दाणा हवा होता. पण परतीच्या पावसाला चुकवण्याची जी युक्ती त्या जुन्या कणसाला ठाऊक होती, ती आम्ही हातातून सोडली, आणि त्याचं मला खरोखर वाईट वाटतं.

गावाच्या वरच्या माळाचंही असंच एक घड्याळ होतं. पवन्या आणि मारवेल फुलोऱ्यात आले की कापायचे, तेव्हाच त्यांत सत्त्व असतं. बी धरलं की काडी राठ होते. पण फुलोरा येतो तोच हस्ताच्या झडीत. कापावं तर कुजतं, थांबावं तर लाकूड होतं. आणि थांबलेल्या माळावर कुसळी पिकते. तिच्या कुसळाला ओल लागली की ते पीळ सोडतं, वाळलं की पुन्हा घेतं, आणि असं फिरत फिरत मेंढीच्या लोकरीतून कातडीत घुसतं. पाऊस लांबला की धनगरांच्या मेंढ्या चिखलात उभ्या राहून लंगडायला लागायच्या. ते लोक ओल्या माळाकडे पाहून जितके चिंतेत पडायचे, तितके ते कोरड्या माळाकडे पाहून पडलेले मी पाहिले नाहीत. कोरडा असला तर ते वाट धरायचे. ओला माळ हिरवा असतो आणि सोडवत नाही.

धाकट्या भावानं बाजरी सोडून सोयाबीन धरलं. आता गंजी म्हणजे कापलेल्या सोयाबीनची, वर ताडपत्री घातलेली. २०१९ मध्ये मोसमी पाऊस राजस्थानातून परतायला लागला तोच ९ ऑक्टोबरला. नोंदी ठेवायला लागल्यापासून एवढा उशीर झाला नव्हता. महिनाअखेरीस अरबी समुद्रात वादळ होतं आणि दिवाळी पावसात गेली. मी घरी गेले तर ताडपत्रीखाली हात घालून भाऊ उभा होता. "आक्का, बघ गं." मी हात घातला. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी तीच ऊब. शेंगा काळ्या, आत कोंब. पंचनाम्याला आलेल्यांनी क्षेत्र लिहिलं, पीक लिहिलं. भुसकटाचं कोणी विचारलं नाही, आणि आम्हीही बोललो नाही. पुढच्याच वर्षी हवामान खात्यानं परतीची सर्वसाधारण तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर नेली. आबा असते तर त्यांना हे पटायला कागद लागला नसता.

त्यानंतर भावानं मुरघास करायला घेतला. मका चिकात असतानाच कापायची, कुट्टी करून पिशवीत दाबून भरायची, हवा राहू द्यायची नाही. दीड महिन्यात ती आंबून टिकाऊ होते. ओलीशी झगडायचं नाही, तिलाच आत कोंडून कामाला लावायचं. मला ही रीत फार आवडते. एवढंच की पिशवीत हात घालून बघता येत नाही. हात घातला की हवा आत गेली, आणि हवा आत गेली की मुरघास नासला.

२०२५ च्या सप्टेंबरात सीना गोठ्यात आली. जनावरं भावानं रात्रीच उंचावर नेली होती, म्हणून वाचली. पिशव्या गेल्या, कडबा गेला, दावणीचे खुंटे तेवढे चिखलात उभे राहिले. चौथ्या दिवशी पश्चिमेकडच्या कुठल्याशा गावानं पाठवलेला वैरणीचा टेम्पो आला. माणशी मोजून पेंड्या मिळाल्या. त्या खाली उतरवताना मी न कळत एकीत हात सारला, मनगटापर्यंत. ती कोरडी होती. काडी मोडली तर नीट आवाज आला. ज्या कोणी ती बांधली होती, त्यानं तिला पुरती उन्हं दिली होती.

भावानं पेंडी सोडून पुढ्यात टाकली. गाईनं हुंगलं, मान वर करून आमच्याकडे पाहिलं. वास परका होता. मग तिनं खाली मान घातली, आणि भाऊ दुसरी पेंडी आणायला वळला.