दोषांची चिठ्ठी

माझ्या जुन्या ३८६ संगणकाची बॅटरी संपली होती. सुरू केला की तो १ जानेवारी १९८० हीच तारीख दाखवी; हार्ड डिस्कची नोंदही विसरे. बॅटरीतून झिरपलेल्या क्षाराने मदरबोर्डवरील तांब्याच्या रेषा पोखरल्या होत्या, हे मी पाहिले होते. तरीही आमच्या संगणकप्रेमी मंडळातील एका तरुणाशी अदलाबदल करताना मी गप्प राहिलो.

महिन्याने तो भेटला. "काका, व्हिनेगरने क्षार पुसला, तुटलेल्या रेषा बारीक तारेने सांधल्या. चालू झाला!"

त्याच्या स्वरात रोषाचा लवलेशही नव्हता. तेच मला अधिक बोचले. मी सारे कबूल केले.

तेव्हापासून कोणतेही यंत्र देताना मी त्यावर दोषांची चिठ्ठी चिकटवतो. यंत्राचे दुखणे दुसऱ्याला शोधता येते. आपले मौन मात्र आपणच मोडावे लागते.