चारही चाकं जमिनीवर

जुन्या जीपचं वय पत्र्यावरून काढू नये. पत्रा ठोकून सरळ करता येतो, लांबी भरून रंग मारला की उन्हात चकाकतो. खरं वय खाली वाकल्यावर कळतं. पाट्यांची, म्हणजे लीफ स्प्रिंगची, कमान किती उतरली आहे, एकावर एक बांधलेल्या पाट्यांच्या जुडीतली टोकं फाकली आहेत का, पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी शॅकल कुठल्या बाजूला कलली आहे, बुशाचं रबर फुटून बाहेर डोकावतंय का, हे बघावं. गाडीनं आजवर काय वाहिलं, कसल्या रस्त्यानं वाहिलं आणि मालकानं तिच्याकडे किती लक्ष दिलं, याची सगळी नोंद तिथे असते.

माझ्याकडे महिंद्राची एमएम ५४० आहे. १९४०च्या दशकात मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू झाली, त्याच घराण्यातली ही पुढची पिढी. प्यूजोचं डिझेल इंजिन, पुढे आणि मागे अखंड ॲक्सल, चारही चाकांवर पाटे. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपची ॲक्सल-पाट्यांची मांडणी हीच होती, आणि महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांनी जिला जीप म्हणून ओळखलं तिचीही हीच. धरणांच्या कामांवर, जंगलखात्यात, पोलीस ठाण्यांत अशा गाड्या झिजल्या. मग लिलावात निघाल्या आणि त्यांचा दुसरा संसार सुरू झाला. कुणी दुधाच्या धंद्याला लावली, कुणी वडापला.

पश्चिम महाराष्ट्रात ज्यांनी वडापनं प्रवास केला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. एसटी निघून गेली की तिठ्यावर जीप उभी असायचीच. आतली जागा संपली की मागच्या फळीवर, फळी संपली की बाजूच्या पायरीवर. "सरका की वाईच मावशी, अजून दोघं बसत्यात." त्यात किटल्या, बाजाराच्या पिशव्या, एखादं करडू. एवढा भार सोसून जीप मागून बसायला लागली की मालक गॅरेजात जाऊन सांगायचा, "एक पाटा वाढवा." मिस्त्री जुडीच्या तळाशी एक जाड, सपाट पाटा घालून द्यायचा. त्यात चूक काहीच नव्हतं. ज्या कामाला गाडी लावली होती त्या कामाला तो पाटा बरोबर होता. त्या जादा पाट्यांच्या जोरावर गावाकडच्या किती अडलेल्या बाया वेळेत दवाखान्यात पोचल्या असतील, किती पोरं परीक्षेला पोचली असतील.

पण आता तो भार उतरला आहे. डोंगरवाटांवर हिंडायला घेतलेल्या जीपमध्ये दोन माणसं असतात, पाण्याचा कॅन, जॅक, दोर आणि फावडं. वीस माणसांसाठी बांधलेली जुडी दोघांच्या वजनानं हलतही नाही. हे गुळगुळीत रस्त्यावर फारसं लक्षात येत नाही. कंबर तक्रार करते आणि आपण जीप म्हटल्यावर एवढं चालायचंच म्हणून सोडून देतो. वाट सुटली की मात्र सगळं उघडं पडतं.

मावळात भातखाचरांच्या कडेनं पठाराकडे चढणाऱ्या गाडीवाटा असतात. मुरुमाच्या, मधेच काळा कातळ वर आलेल्या. पावसाळ्यात त्यांच्यावरून पाणी तिरकं वाहतं आणि जाताना तिरक्या चरी पाडून जातं. अशा चरींतून जाताना डावं पुढचं चाक एका खड्ड्यावर येतं, त्याच क्षणी उजवं मागचं दुसऱ्या खड्ड्यावर. दोन्ही चाकांनी आता खाली उतरायला हवं. कडक पाटे उतरू देत नाहीत. मग फोर व्हील टाकलेला, लो गिअर टाकलेला, इंजिन जीव खाऊन ओढतंय, दोन चाकं हवेत गरगर फिरतायत आणि जीप जागची हलत नाही.

असं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. ॲक्सलमध्ये जो डिफरन्शियल असतो तो डाव्या-उजव्या चाकांना सारखाच जोर वाटतो. हवेतल्या चाकाला फिरायला जवळपास काहीच जोर लागत नाही, म्हणून जमिनीवर टेकलेल्या त्याच्या जोडीदारालाही तेवढाच, म्हणजे जवळपास शून्य जोर मिळतो. पुढच्या ॲक्सलचं एक चाक आणि मागच्याचं एक चाक असं तिरकं सुटलं की चारही चाकं कामातून गेली. इंजिन कितीही दमदार असो. फोर व्हील ड्राइव्ह ही गोष्ट चाक जमिनीला टेकलेलं असेपर्यंतच खरी. आणि चाक टेकलेलं ठेवणं हे काम इंजिनाचं नाही, गिअरचं नाही, ते पाट्यांचं आहे. मला या गाडीबद्दल जे काही कळलं आहे ते सगळं या एका वाक्यात मावतं.

जुडी सोडण्याचं काम जवळून बघावं असं आहे. यू-बोल्टच्या नटांना आदल्या रात्री डिझेल पाजून ठेवायचं. सकाळी चेसिसला स्टँड द्यायचे, ॲक्सल जॅकवर तोलायचा आणि नट सोडवायला घ्यायचे. गंजलेला नट आधी दाद देत नाही, मग अचानक कडकन आवाज करून सुटतो. जुडी बाहेर आली की तिला शिकंज्यात धरून मगच सेंटर बोल्ट काढायचा. कारण खालचा प्रत्येक आखूड पाटा वरच्यापेक्षा थोडा जास्त वाकवलेला असतो. सगळे एकत्र आवळले की जुडीत ताण साठतो, आणि बोल्ट मोकळा झाला की तो ताण उसळून बाहेर येतो.

माझ्या जीपचे पाटे वेगळे झाले तेव्हा मधून तांबूस भुकटी सांडली. काही ठिकाणी तिची खपली धरली होती, पटाशीनं खरवडावी लागली. प्रत्येक आखूड पाट्याच्या टोकानं वरच्या पाट्याच्या पोटात चर कोरली होती. बोट फिरवलं तर नख अडकेल एवढी खोल. वर्षानुवर्षं तिथेच घासत राहिल्याची ती खूण. पाटा तुटतो तो अशाच चरीपासून. काम करणाऱ्या मिस्त्रींनी जुडी सोडण्याआधीच तिच्यावर हातोडीनं टकटक करून सांगितलं होतं, "दादा, ही स्प्रिंग राहिली न्हाई. फळी झालीया."

पाट्यांची जुडी लवते तेव्हा प्रत्येक पाटा शेजारच्यावर किंचित सरकतो. ते सरकणं गंजानं थांबवलं की सगळे पाटे मिळून एकच जाड लोखंड होतं, आणि बारीकसा दगडही चाकाखालून थेट चेसिसपर्यंत पोचतो. जादा पाट्यांनी गाडी कडक केली होती. उरलेलं काम गंजानं केलं होतं.

पाट्याचं गणित मला फार आवडतं, कारण ते थोडक्यात पुष्कळ सांगतं. पाट्याचा कडकपणा त्याच्या जाडीच्या घनानं वाढतो. ६ मिलिमीटरऐवजी ८ मिलिमीटरचा पाटा घेतला तर जाडी तिसऱ्या हिश्शानं वाढते, कडकपणा मात्र जवळजवळ २.४ पट होतो. म्हणजे ८ मिलिमीटरचा एक पाटा ६ मिलिमीटरच्या दोघांनाही भारी पडतो. शिवाय तेवढंच लवताना पातळ पाट्यावर येणारा ताण जाड पाट्याच्या पाऊणपटच असतो, म्हणून तो तुटल्याविना जास्त खाली-वर होऊ शकतो. डोंगरात हिंडणाऱ्या रिकाम्या जीपला नेमकं हेच हवं असतं: पातळ पाटे, स्वच्छ पाटे, एकमेकांवरून सहज सरकणारे.

तेच केलं. वाढवलेले जाड पाटे बाजूला काढले. चर पडलेला मेन पाटा टाकून नवा घेतला. बाकीचे घासून स्वच्छ केले, भट्टीत तापवून त्यांना पुन्हा बाक दिला, तेलात विझवून पाणी चढवलं. थंड पाटा नुसता हातोडीनं ठोकूनही कमान येते, पण ती लवकरच उतरते. टोकांच्या धारा गोल केल्या, म्हणजे ती वरच्या पाट्याला कोरणार नाहीत. मधे ग्रॅफाइटचं ग्रीस लावलं. बुश नवे रबरी घातले, कारण रबर पीळ घेतं आणि खडबडीत वाटेवर पाट्याच्या डोळ्याला पीळ पडतच असतो. शॅकलचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवल्यानंतरच आवळले. हवेत असताना आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

पाटे मऊ झाले की शॉकअपवरचं काम वाढतं. जुन्या कडक जुडीतलं घर्षणच उसळी मारू देत नव्हतं. आता ती उसळी शॉकअपमधल्या तेलानं शोषायची असते. बारीक छिद्रांतून दाबलं जाणारं तेल धक्क्याची उष्णता करतं. खडीच्या लांब रस्त्यावर साध्या शॉकअपमधलं तेल तापून फेसाळतं आणि त्याचा जोर जातो; गॅस भरलेले शॉकअप तिथे टिकतात. पण प्रकाराइतकीच लांबी महत्त्वाची. एक चाक उंचवट्यावर चढवून, दुसरं खाली लोंबकळू देऊन टेपनं अंतर मोजावं. पाट्याला खाली उतरायचं असेल आणि शॉकअप आधीच संपला असेल तर सगळी मेहनत वाया. त्याच वेळी ब्रेकचा होजही बघावा. चाक पूर्ण खाली गेल्यावर तो ताणला जात असेल तर लांब होज घालणं आलंच. यात तडजोड नाही.

पुष्कळ जण मात्र आधी उंचीच्या मागे लागतात. लांब शॅकल, जादा कमान, गाडी उंच दिसली पाहिजे. पण चेसिस दोन इंच वर गेली तरी डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो, आणि वाटेतल्या दगडाला आधी भिडतो तो गोळाच. त्याला वर उचलतो फक्त टायर, तोही व्यासाच्या निम्म्यानं: टायर दोन इंच मोठा केला तर गोळा एक इंच वर. उलट पुढे लांब शॅकल लावली की ॲक्सलचा कोन बदलतो, हायवेला स्टिअरिंग सैल होतं, प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचे क्रॉस लवकर जातात आणि गाडीचा तोल उंच सरकतो. आडव्या उतारावर हा तोलच जिवावर बेततो. शिवाय कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार उत्पादकानं ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करायला मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. कुणीतरी वाढवलेले पाटे काढून गाडीला तिचा मूळचा लवचीकपणा परत देणं हा मला सर्वांत शहाणा मार्ग वाटतो.

पाट्यांचा काळ सरत आला, हे मी मान्य करतो. रेंज रोव्हर १९७० सालीच चारही चाकांवर कॉइल स्प्रिंग घेऊन आली आणि मऊ, लांब हालचाल म्हणजे काय ते जगानं पाहिलं. आपल्याकडे २०१०च्या थारला मागे पाटे होते, २०२०च्या थारला तेही उरले नाहीत. मारुतीची जिप्सी १९८५पासून शेवटपर्यंत पाट्यांवरच बनली. ताडोबात वाघ बघायला गेलेल्या कितीतरी जणांनी त्या पाट्यांचे हिसके खाल्ले आहेत. पण पाट्याचा एक गुण कॉइलमध्ये नाही. कॉइल फक्त वजन पेलते, ॲक्सल जागेवर धरायला वेगळे दांडे लागतात. पाटा वजनही पेलतो आणि ॲक्सलही धरून ठेवतो. म्हणूनच तालुक्याच्या गावी, स्टँडमागच्या कमान-पाट्याच्या दुकानात, भट्टी, ऐरण आणि जाणता हात एवढ्यावर तो पुन्हा उभा राहतो.

त्याच मावळातल्या वाटेवर जीप पुन्हा नेली. टायरमधली हवा थोडी कमी केली, कारण गाडीची पहिली स्प्रिंग टायरच असतो. लो गिअर, पहिला, पाय ॲक्सिलरेटरवर जेमतेम. डावं चाक चरीच्या काठावर आलं आणि खाली उतरलं. उतरत गेलं, तळाचा दगड सापडेपर्यंत. मागच्या उजव्यानंही तेच केलं. शॅकल मागे झुकली, पाटे एकावर एक सरकले, आणि जीप न घसरता, न गुरगुरता पुढे सरकली. मिस्त्री मागे चालत होते. "आता पाय टेकले तिचे," एवढंच म्हणाले.

हे फक्त आपल्या कंबरेसाठी किंवा वाट पार केल्याच्या समाधानासाठी नाही. हवेतून खाली आलेलं, गरगर फिरणारं चाक मुरूम उधळतं. त्या खळग्यातून पुढच्या पावसाचं पाणी वाट काढतं आणि चर आणखी खोल होते. ती वाट आपल्यासारख्या हौशी लोकांची नसते. भाताची पेंढी घरी आणणाऱ्याची असते, गुरं घेऊन वर जाणाऱ्याची असते. जमिनीला टेकून, सावकाश जाणारी गाडी त्या वाटेवर टायरच्या ठशापलीकडे काही ठेवत नाही. म्हणून मला मऊ पाटे ही नुसती तांत्रिक सुधारणा वाटत नाही. डोंगरात वागायची ती रीत आहे.

तुमच्या दारात अशी एखादी जुनी जीप उभी असेल तर उंची, दिवे, विंच यांवर खर्च करण्याआधी जुडी सोडून बघा. गंज काढा, वाढवलेला पाटा उतरवा, बुश बदला, शॉकअपची लांबी मोजा. परवानगी असलेल्या वाटेनंच जा; अभयारण्य, गडकोट आणि कुणाचं उभं पीक यांच्यापासून लांब राहा. जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नका, ते एकदा ताणले गेलेले असतात. आणि नवे बसवल्यावर काही शे किलोमीटर चालवून पुन्हा आवळून घ्या, कारण नवी जुडी चालल्यावरच नीट बसते.