केशरी कुर्त्यातला बहादूर

रद्दीच्या गठ्ठ्यातही तो लगेच ओळखू येतो. अंगात केशरी कुर्ता, खाली निळी जीन्स. ना मुखवटा, ना कवटीची अंगठी, ना पाठीवर फडफडणारा डगला. इंद्रजाल कॉमिक्सच्या खानदानात हे जरा कमीपणाचंच. टाइम्स ऑफ इंडियाच्या या मालिकेत 1964 पासून गादी मुखवटेवाल्या वेताळाची, आणि जादूगार मॅन्ड्रेक तर नुसत्या हातवाऱ्यांनी भल्याभल्यांना भुलवायचा. त्या घराण्यात 1976 साली बहादूर आला तो रिकाम्या हातांनी.

जन्मही काही देवादिकांचा नाही. लिहिलं आबिद सुरतींनी, रेखाटलं गोविंद ब्राह्मणियांनी. बाप भैरवसिंग दरोडेखोर. विशाल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याच्या हातून तो मेला आणि त्याच विशालने पोराला वाढवलं. म्हणजे घरातच वैर आणि घरातच माया. चंबळच्या शेकडो डाकूंनी जयप्रकाश नारायण यांच्यापुढे शस्त्रं टाकली ती 1972 साली, आणि ‘शोले’ आला 1975 मध्ये. डाकू हा तेव्हा वर्तमानपत्रातला रोजचा विषय होता. बहादूरची गोष्ट त्याच मातीतून उगवली.

स्वभावाने गडी सरळ. वेताळाला दंतकथेने अमर केलं, याला मात्र गोळी चुकवावीच लागते. एकट्याने सगळं निस्तरण्याचा हट्टही नाही. आपल्या जयगढच्या लोकांना गोळा करून तो नागरिकांचं सुरक्षा दल उभारतो. सोबतीला बेला. मारामारीत ती त्याला हार जाणारी नाही, आणि दोघं लग्नाशिवाय एकत्र राहतात. सत्तरच्या दशकात, लहान पोरांच्या हातात पडणाऱ्या कॉमिकमध्ये हे! थोरामोठ्यांनी पानं चाळली नसावीत, म्हणूनच निभावलं असेल.

जुना अंक हातात घेतला की त्याचं वय कळतं. मधल्या टाचण्या गंजलेल्या, कागद पिवळा, आणि छपाईत कुर्त्याचा केशरी रंग रेषेबाहेर सांडलेला. पुढे गोष्टी जगजित उप्पल यांनी लिहिल्या. 1990 मध्ये इंद्रजाल बंद पडलं आणि बहादूरही बेकार झाला.

त्याला जन्म देणारे सुरती मात्र स्वस्थ बसले नाहीत. आमच्या वसईकडच्या उमेळ्यातून नायगावला येऊन चर्चगेटची गाडी धरली की भाईंदरची खाडी ओलांडल्यावर दुसरं स्टेशन मिरा रोड. तिथे 2007 मध्ये सत्तरी ओलांडलेल्या सुरतींनी ‘ड्रॉप डेड फाउंडेशन’ काढलं. काम एकच. दर रविवारी एक प्लंबर आणि एक स्वयंसेविका बरोबर घ्यायची, इमारतीत दारोदार जायचं आणि गळके नळ फुकटात दुरुस्त करून द्यायचे. सेकंदाला एक थेंब गळाला तर महिन्याला सुमारे हजार लिटर पाणी वाया जातं, हे त्यांनी वाचलं होतं. सुरुवातीचा पैसा आला साहित्याच्या पुरस्कारातून.

मला यात बहादूरचाच पुढचा अंक दिसतो. वेताळाच्या लेखकाला वेताळासारखं गुहेत राहून दाखवता आलं नसतं. बहादूरच्या लेखकाला जमलं, कारण त्याने नायकाला कुणालाही न जमणारं असं काही दिलंच नव्हतं. दार वाजवायचं, माणसं जमवायची, हातातलं काम तडीला न्यायचं, एवढंच त्याचं बळ. म्हणून माझ्या लेखी तो वेताळापेक्षा मोठा.

टँकरच्या भोंग्याकडे कान लावून बसणं आमच्या वसई पट्ट्याला नवीन नाही. आपल्या सोसायटीतला कुठला नळ किती दिवस गळतोय हेही सगळ्यांना ठाऊक असतं. प्लंबरला बोलवा, वायसर बदलून घ्या. त्यासाठी केशरी कुर्ता लागत नाही.