सांधा आणि सिग्नल

रुळांवरून धांवणाऱ्या गाडीचें कौतुक बालपणाबरोबर संपावयाचें असतें, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. ती किती खरी आहे हें पाहावयाचें असेल, तर पुण्यास कोथरूड भागांतील जोशी यांच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयांत एकवार जावें. १९९८ सालीं १ एप्रिल रोजीं तें लोकांस खुलें झालें. मुलांच्या निमित्तानें तेथें गेलेले बाप मुलांचा हात सोडून त्या चिमुकल्या गाड्यांपुढें कसे खिळून राहतात, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील सुप्रसिद्ध तंत्रशिक्षणसंस्थेंत १९४६ सालापासून विद्यार्थ्यांचें असेंच एक मंडळ आहे. त्यांतील सिग्नलांच्या तारा जोडणाऱ्या तरुणांचें नांव संगणकशास्त्राच्या प्रारंभींच्या इतिहासांत आदरानें घेतलें जातें. तेव्हां या खेळास पोरखेळ म्हणून बाजूस सारणें शहाणपणाचें होणार नाहीं.

हा खेळ आतां टेबलावरून संगणकाच्या पडद्यावर आला आहे. आमच्या घरीं तो आणला आमच्या पुतण्यानें. इंजिनियरिंगच्या सुटींत तो महाडला आमच्याकडे येऊन राहिला, आणि बाहेर मुसळधार पाऊस असल्यामुळें दिवसचे दिवस पडद्यावर रूळ टाकीत बसला. त्याच्याजवळ जे. एम. आर. आय. नांवाची एक सामग्री होती. ती कोणा व्यापाऱ्यानें विकावयास काढलेली नसून हौशी लोकांनीं मिळून लिहिलेली व सर्वांस विनामूल्य दिलेली आहे. तिच्या मूळ कर्त्यांपैकीं एक बॉब जेकबसन यांनीं चालविलेल्या खटल्यांत अमेरिकेच्या अपील न्यायालयानें २००८ सालीं असा निर्णय दिला, कीं फुकट दिलेल्या प्रोग्रामाबरोबर घातलेल्या अटीही कायद्यानें बांधणाऱ्या असतात. खेळण्यांतून कायदा निघाल्याचें हें उदाहरण आम्हांस मोठें मौजेचें वाटलें, आणि त्या कुतूहलानेंच आम्ही पुतण्याच्या खुर्चीमागें जाऊन उभे राहिलों.

त्यानें पडद्यावर मांडलें होतें तें आमच्याच तालुक्यांतील वीर स्टेशन. वाचकांपैकीं ज्यांनीं कोंकण रेल्वेनें प्रवास केला आहे, त्यांस हें स्टेशन ठाऊक असेल. रोह्यापासून वीरपर्यंतचा रस्ता १९९३ सालीं चालू झाला, आणि त्यावर २०२१ च्या ऑगस्ट महिन्यांत दुसरी वाट सुरू झाली. तेव्हां रोह्याकडून येणारी दुहेरी वाट वीरला संपते, आणि पुढें दक्षिणेस करंजाडी, विन्हेरे या दिशेनें एकेरी वाट डोंगरांत शिरते. दोन वाटांची एक वाट जेथें होते, तेथें सांधा आलाच. आणि जेथें सांधा आला, तेथें सिग्नलही आला. पुतण्यास हीच जागा मांडावीशी वाटली, यावरून त्याची खोड कोणत्या वळणाची आहे हें आमच्या ध्यानांत आलें.

सांध्यावर सिग्नल बसविणें दिसतें तितकें सोपें नाहीं. सांध्यास तीन तोंडें असतात. जेथें वाट एकच असते तो त्याचा कंठ; तेथून एक फांटा सरळ जातो व दुसरा वळतो. कंठाकडून येणाऱ्या गाडीस दोन गोष्टी कळल्या पाहिजेत: पुढें वाट मोकळी आहे कीं नाहीं, आणि आपण सरळ जाणार कीं वळणार. म्हणून कंठाशीं एकाखालीं एक असे दोन दिवे लावतात. वरचा सरळ वाटेचा, खालचा वळणाचा. उलट दिशेनें, म्हणजे दोन फांट्यांवरून कंठाकडे येणाऱ्या गाड्यांस प्रत्येकीं एक दिवा पुरतो. मात्र सांधा ज्या फांट्यास जोडलेला असेल त्याचाच दिवा हिरवा होऊं शकतो, दुसरा लालच राहिला पाहिजे. हे चार दिवे नकाशावर ठेवले म्हणजे काम संपलें असें नव्हे. तें तेथून सुरू होतें. प्रत्येक दिव्यास आपली पुढची वाट कोणती, तिच्यावर गाडी उभी आहे काय, सांधा कोणत्या बाजूस लागला आहे, आणि त्यापुढचा दिवा कोणत्या रंगाचा आहे, हें सर्व सांगून ठेवावें लागतें. वाट अडली असेल किंवा सांधा उलट असेल तर लाल. वाट मोकळी पण पुढचा दिवा लाल असेल तर पिवळा. सर्व ठीक असेल तरच हिरवा. थोडक्यांत, दिव्यास स्वतःचें मत नसतें. तो सांध्याचें व वाटेचें प्रतिबिंब असतो, आणि प्रतिबिंब खोटें निघालें तर गाडी गेलीच म्हणून समजावें.

पुतण्यानें पहिली गाडी सोडली तेव्हां नेमकें तेंच झालें. सिग्नल हिरवा होता, पण सांधा वळणाकडे लागलेला होता. आणि वळणाच्या वाटेवर त्यानें स्वतःच एक मालगाडी उभी करून ठेवली होती. पडद्यावरची गाडी हिरव्या दिव्याखालून डौलानें गेली आणि मालगाडीवर आदळली. सांध्याच्या दोन स्थिति त्या सामग्रींत निराळ्या नांवांनीं ओळखल्या जातात. दिव्याशीं त्या जोडतांना त्यानें एकीच्या जागीं दुसरी घातली होती.

"कांहीं नाहीं काका, परत पहिल्यापासून सुरू करतों," तो हंसत म्हणाला.

"अरे, तुला परत सुरू करतां येतें. ओरिसांत बहानगा बाजारला तें करतां आलें नाहीं," आम्ही म्हणालों.

तो एकदम गप्प झाला. २०२३ सालीं २ जूनच्या संध्याकाळीं बहानगा बाजार स्टेशनाजवळ जें घडलें, तें या पडद्यावरच्या खेळाहून आकारानें मात्र निराळें होतें. कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य वाटेचा हिरवा सिग्नल होता, आणि सांधा मात्र बाजूच्या वाटेस लागलेला होता. त्या वाटेवर लोखंडाच्या खनिजानें भरलेली मालगाडी उभी होती. अडीचशेंहून अधिक माणसें गेलीं. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशींत कारण निघालें तें असें, कीं फाटकाजवळच्या सिग्नलांच्या कामांत तारांची जोडणी चुकलेली होती. म्हणजे दिवा एक बोलत होता आणि सांधा दुसरें करीत होता.

हे दोघे एकमेकांशीं खोटें बोलूं नयेत म्हणून माणसानें केवढी खटपट केली आहे! इंग्लंडांत जॉन सॅक्स्बी यानें १८५६ सालीं सांधे व सिग्नल यांच्या दांड्या एकत्र गुंतविण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. १८७६ च्या जानेवारींत ॲबट्स रिप्टन येथें बर्फानें सिग्नलचे हात 'चला' या स्थितींतच गोठून राहिले आणि गाड्या एकमेकींवर आदळल्या. तेव्हां सिग्नलची नेहमींची स्थिति 'थांबा' हीच असावी, हा धडा रेल्वेवाल्यांनीं घेतला. १८८९ सालीं आयर्लंडांत आर्मा येथें मुलाबाळांनीं भरलेल्या सहलीच्या गाडीस अपघात झाला, आणि त्याच वर्षीं पार्लमेंटानें कायदा करून सांधा व सिग्नल यांची गुंतवण सक्तीची केली. आपल्याकडे जुन्या सिग्नलचा हात खालीं आला म्हणजे 'सिग्नल पडला' असें म्हणत, आणि फलाटावरचीं माणसें बोचकीं उचलीत. त्या हाताच्या एका हालचालीवर त्यांचा केवढा विश्वास होता! तो विश्वास दिव्यावर नव्हता. दिव्यामागें सांधा आधीं लावून, कुलूप घालून ठेवलेला असतो, या व्यवस्थेवर होता. आधीं सांधा, मग सिग्नल: रेल्वेचें सर्व शास्त्र या चार शब्दांत सांठविलें आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

हें सर्व ऐकून पुतण्यानें खिडकीबाहेर पाहिलें. पावसामागें डोंगर पुसट झाले होते. तो म्हणाला, "काका, पण दरडीला सिग्नल कोठें असतो?"

प्रश्न सहज आला होता. पण तो आमच्या मनांतून जाईना. वीरपासून थोडें पुढें, करंजाडीजवळ, २००४ सालीं १६ जून रोजीं मत्स्यगंधा एक्सप्रेस रुळांवर आलेल्या दगडांमुळें घसरून पुलावरून खालीं गेली होती. डोंगराचा दगड कोणत्याच दिव्यास विचारून खालीं येत नाहीं. म्हणूनच पावसाळ्यांत कोंकण रेल्वेचें वेळापत्रक निराळें असतें, गाड्या हळू चालतात, आणि कड्याकपारीजवळ पहारेकरी रात्रंदिवस फिरत असतात. जेथें यंत्रानें सिग्नल देतां येत नाहीं, तेथें रेल्वेनें माणूस उभा केला.

परंतु रुळापासून दूर, डोंगराच्या उतारावर जीं गांवें आहेत त्यांचें काय? आमच्या तालुक्यांतील तळीये गांव वाचकांस आठवत असेल. २०२१ सालीं २२ जुलैच्या संध्याकाळीं तेथील कोंडाळकरवाडीवर डोंगर आला, आणि ऐंशींहून अधिक माणसें एका क्षणांत मातीखालीं गेलीं. त्यापूर्वीं २००५ च्या जुलैंत याच तालुक्यांत दासगांव, जुई, रोहण, कोंडिवते या गांवांवर दरडी आल्या होत्या. आणि २०१६ च्या २ ऑगस्टच्या रात्रीं महाडजवळचा सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला, तेव्हां अंधारांत येणाऱ्या गाड्यांस थांबविणारा एकही लाल दिवा तेथें नव्हता. एकामागून एक दोन एस. टी. नदींत गेल्या. या तालुक्यांतील मनुष्यास सिग्नल हा शब्द केवळ रेल्वेचा वाटत नाहीं, तो यासाठीं.

कोणी म्हणेल, आतां सिग्नल आहे. हवामान खात्याचे इशारे हिरवे, पिवळे, नारिंगी व लाल अशा रंगांत येतात, आणि ते प्रत्येकाच्या खिशांतील फोनवर पोहोंचतात. हें खरें आहे, आणि तें लहान काम नव्हे. पण पुतण्याच्या पडद्यापुढें उभें राहून आम्ही जें शिकलों, त्यावरून विचारावेंसें वाटतें: या लाल दिव्यास कोणता सांधा जोडलेला आहे? गाडीस लाल दिवा म्हणजे थांब. उतारावरच्या घरास तोच दिवा म्हणजे नीघ. निघावयाचें तर वाट लागते. म्हातारीस कोण उचलणार, गाईम्हशी कोठें बांधणार, भाताचें पोतें कोण पाहणार, रात्रीं अकरा वाजतां कोणत्या शाळेचें कुलूप कोण उघडणार, आणि तेथें चूल पेटेल काय? यांचीं उत्तरें आधीं ठरलेलीं नसतील, तर दिवा कितीही लाल असो, माणूस घरांतच बसतो. आणि त्यास अडाणी म्हणणें हा अन्याय आहे. बाहेरची वाट लावलेलीच नसतांना त्यास 'चला' म्हणणें, म्हणजे सांधा न लावतां सिग्नल पाडणें होय.

उलट ज्या वाडीवर शाळेची किल्ली कोणाजवळ आहे हें पोरासोरांस ठाऊक आहे, कोणत्या घरांतील माणसास उचलून न्यावें लागेल याची यादी पावसापूर्वींच केलेली आहे, गुरांसाठीं टेंकडीपलीकडे एक पडवी राखलेली आहे, आणि पर्जन्यमापकाचा आंकडा एका ठराविक खुणेच्या वर गेला कीं कोणाची वाट न पाहतां निघावयाचें हें ज्येष्ठांनीं मान्य केलेलें आहे, तेथें साधी शाळेची घंटाही सिग्नलचें काम करील. एखाद्या रात्रीं डोंगर येणार नाहीं, आणि सर्वांचें जागरण फुकट जाईल. जाईना! लाल दिव्यापाशीं थांबलेली गाडी उशिरां पोहोंचते, म्हणून कोणी सिग्नल उपटून टाकीत नाहीं. शंका आली कीं थांबावें, किंवा शंका आली कीं निघावें, या दोहोंतलें तत्त्व एकच आहे: चूक व्हावयाची असेल तर ती जीव राखण्याच्या बाजूस व्हावी.

ही गोष्ट मोठ्या खर्चाची आहे असें आम्हांस वाटत नाहीं. हवामानाचें भाकीत करणें हें विद्वानांचें काम आहे, आणि तें ते करीत आहेत. पण सांधा लावणें हें गांवाचें, ग्रामपंचायतीचें, शाळामास्तरांचें व कॉलेजांत शिकून वाडीवर परत जाणाऱ्या मुलांचें काम आहे. आमच्या वर्गांत अशा वाड्यांवरून आलेलीं मुलें दरवर्षीं बसतात. त्यांस काव्यशास्त्र शिकवितांना यापुढें एक तास या सांध्याविषयीं बोलण्याचें आम्हीं ठरविलें आहे. आणि पावसाळा लागण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या वाडीची एक यादी करून आणावी, एवढाच त्या तासाचा गृहपाठ राहील.