सूर जुळविणे

तबल्याचा सूर हातोडीने जुळतो. माणसांचा सूर जुळविण्यास मात्र असे अवजार नाही, हे मला पेण येथील आमच्या हौशी संगीत मंडळाने शिकविले. आम्ही सारे पोटापाण्याचे उद्योग सांभाळून सायंकाळी जमत असू आणि जुनी नाट्यपदे यथाशक्ति म्हणत असू. नवी चाल रचण्याची प्रतिभा कोणापाशीच नव्हती.

एके वर्षी नवरात्रात रोह्यास कार्यक्रम ठरला. मी मंडळाचा चिटणीस. श्रावण लागला आणि अडचणींस आरंभ झाला. एका गायकास पांढरी चारच हवी, दुसऱ्यास काळी एकच मानवे. एका तबल्यावर हे दोन्ही सूर नीट चढत नाहीत. त्यातच आमचे तबलजी लागोपाठ चार तालमींना आले नाहीत. मी संतापून पत्र लिहिले, "आपल्या जागी दुसरा मनुष्य पाहिला आहे," आणि ते देण्यास रात्री स्वतः निघालो.

ते गणपतीच्या कारखान्यात होते. शाडूच्या मूर्तींच्या रांगेत बसून डोळ्यांची आखणी करीत होते. हातातील कुंचला न थांबविता ते म्हणाले, "चतुर्थीला बारा दिवस राहिले. डोळा चुकला तर मूर्ती वाया जाते. तालमीची वेळ ठरविलीत, तेव्हा मला विचारले होते काय?"

मी निरुत्तर झालो. श्रावणात पेणच्या कारखान्यांतून रात्रीचा दिवस होतो, हे गावातील पोरासही ठाऊक. चिटणीसास तेवढे सुचले नव्हते. पत्र खिशातच राहिले. तालमी विसर्जनानंतर, त्यांच्याच घरी घेण्याचे ठरले.

गायकांसाठी मी दुसरा लहान तोंडाचा तबला उसना आणला, आणि दोघांना 'संयुक्त मानापमाना'ची हकीकत सांगितली. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी नट मुंबईस एकाच रंगभूमीवर उभे राहिले. एक भामिनी, दुसरे धैर्यधर. हे ऐकून एकजण द्रवले. दुसरे म्हणाले, "ते गंधर्व होते, आपण कोण?" ते अखेरपर्यंत रुसून राहिले, आणि त्यांची पदे आम्हांस वगळावी लागली.

रोह्यास जाण्याच्या दिवशी स्थानकावर सर्वांआधी कोण आले होते? आमचे तबलजी! गाडी नागोठणे सोडून पुढे जाईपर्यंत त्यांनी तबल्याची पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. त्या रात्री एक दोन जागी आम्ही चुकलो. त्यांनी ठेका असा धरून ठेवला की श्रोत्यांस ते कळलेही नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्याही खेळाच्या संघात, नाटकात असा एखादा सोबती असेल. काहीजण समजावूनही येत नाहीत, हे खरे. परंतु त्याचे नाव खोडण्यापूर्वी एकदा त्याच्या दारी जा. ते न दिलेले पत्र मी अद्याप जपून ठेविले आहे. राग आला म्हणजे काढून वाचतो.